आठव्या शर्यतीनंतरचं पाणी

पहिल्याच दिवशी त्या गोऱ्याने माझ्या मातीला लाथ मारली. डाव्या बुटाची टाच उचलून त्याने दुसऱ्या वळणावर, जिथे मी तीन दिवस रोलर फिरवला होता तिथे, खाडकन हाणली. मातीचा कपचाही उडाला नाही. मला वाटलं, आता हा मान डोलावणार. तो हसला. मागे उभ्या असलेल्या तिघांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि तेही हसले. माझं डोकं सणकलं.

राग येणारच. सोळा वर्षं मी शारजात क्रिकेटच्या खेळपट्ट्या केल्या, आणि त्याआधी साताऱ्याकडे तालुक्याच्या मैदानावर. मातीला किती पाणी पाजायचं, रोलर कधी चढवायचा, कधी थांबवायचा, हे मला कुणी शिकवावं अशी वेळ आली नव्हती. पट्टीवर नाणं टाकलं की टणकन वाजलं पाहिजे, अशी माझी परीक्षा. शारजातली ती खासगी अकादमी बंद पडली तेव्हा अल ऐनजवळ मोटरसायकल शर्यतींची नवी लीग उभी करणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं. ट्रॅक मातीचाच होता. माती ती माती, असं म्हणून मी अख्खा ट्रॅक खेळपट्टीसारखा दाबून, घोटून, चकचकीत करून ठेवला होता.

लाथ मारणारा पोलंडचा होता. वय चाळिशीच्या पुढे, एक पाय किंचित ओढत चालणारा, डोक्यावर केस कमी. मी त्याला पुढेही पोलंडवालाच म्हणत राहिलो. त्याने खुणेने मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "माय फ्रेंड, नो ब्रेक."

मी म्हणालो, "ब्रेक खराब है तो मेकॅनिक को बोलो. मैं मिट्टी का आदमी हूँ."

त्याने माझं मनगट धरलं आणि मला गाडीपाशी नेलं. हँडलला ब्रेकची मूठच नव्हती. पायाशीही काही नव्हतं. गिअर एकच. मी खाली वाकून शोधतोय हे बघून बाकीचे पुन्हा हसायला लागले, पण तो हसला नाही. त्याने हाताने करून दाखवलं. वळण आलं की गाडी आडवी टाकायची, डावा पाय जमिनीवर ओढत न्यायचा, म्हणून त्या बुटाला लोखंडाचा तळ. मागचं चाक घसरत माती उकरत जातं आणि त्या उकरण्यानेच वेग आवरतो. माती इतकी घट्ट की चाकाला उकरताच येत नाही, असं झालं तर माणूस सरळ कुंपणात. "युअर सॉइल," तो म्हणाला, "माय ब्रेक."

त्या दिवशी दुपारी मी ट्रॅक्टरला फण लावला आणि तीन दिवसांचं काम स्वतःच्या हाताने उखडलं. उखडताना मी शिव्या घालत होतो. कंपनीला, त्या गोऱ्यांना, आणि सगळ्यात जास्त मला. एवढं वय झालं आणि माणसाने आधी विचारू नये?

खेळ साधा होता. लंबगोल ट्रॅक, चार गडी, चार फेऱ्या, एका मिनिटात खलास. हेल्मेटं लाल, निळं, पांढरं आणि पिवळं. अशा पंधरा शर्यती झाल्या की एक सामना. युरोपात ह्या लीग उन्हाळ्यात चालतात, हिवाळ्यात तिकडचे पोटासाठी गाडी चालवणारे गडी रिकामे असतात, म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की थंडीचे चार महिने त्यांना इकडे आणावं. चार संघ, पण मैदान एकच. दर शनिवारी दुपारी सामना आणि सामन्याचं थेट प्रक्षेपण. बघायला येणारी माणसं मोजकी. पण ड्रोन दोन होते.

पोलंडवाल्याने मला महिनाभरात तयार केलं. खाली घट्ट थर, तिथे माझा रोलर चालतो. वर दोन बोटं सुटी माती, ओलसर, मुठीत धरली तर गोळा व्हावी आणि बोटाने टोचली की फुटावी. भाकरीच्या पिठासारखी, असं मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग आता घरी पीठ मळायला हरकत नाही. शनिवारी बारा वाजता तो यायचा, आम्ही दोघं ट्रॅकला एक चक्कर मारायचो. तो दर दहा पावलांवर टाच रोवायचा आणि माझ्याकडे बघायचा. बरं असेल तर अंगठा वर, नसेल तर नुसता ओठ मुडपायचा. एकदा पहिल्या वळणावर त्याने ओठ मुडपला म्हणून मी अर्धा टँकर परत ओतला. तिकडे मैदानात हवेला एरंडेलाचा वास असायचा. त्या गाड्यांच्या तेलात एरंडेल असतं. लहानपणी ज्या वासाने पळून जायचो त्याच वासाने मला त्या हिवाळ्यात भूक लागायची.

मात्र अल ऐनच्या वाऱ्याला आमचं काही देणंघेणं नव्हतं. दुपारी पाणी मारलं की तासाभरात माती पांढरी. शर्यतीत चाकं सगळी सुटी माती बाहेर, कुंपणाकडे फेकतात आणि आत टक्कल पडतं. म्हणून चार शर्यती झाल्या की दहा मिनिटं माझी. ट्रॅक्टरने माती ओढून परत आत आणायची आणि टँकरने पाणी मारायचं. चौथीनंतर, आठवीनंतर, बारावीनंतर. हे आमच्या लीगच्या नियमातच लिहिलेलं होतं. आणि त्याहून मोठा एक नियम होता. काम झालं की पंच वॉकीटॉकीवर मला विचारायचे, "ट्रॅक?" आणि मी "रेडी सर" म्हटल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही. पंच इंग्लंडचे, वयस्कर, नियमाचे पक्के. पाण्याचं बघायचं ते मी, असं म्हणून ते माझ्या "रेडी" ची वाट बघत बसायचे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका शब्दासाठी एवढी माणसं थांबत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कधी कधी मी मुद्दाम दोन श्वास उशिरा बोलायचो.

दहा मिनिटं मॅनेजरला खुपायला लागली.

मॅनेजर पुण्याचा होता. पस्तिशीचा असेल, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिस, काचेतून खाली तळं दिसायचं. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायचा. "काका, इथे सगळी मल्टिनॅशनल मंडळी, तुम्ही एकटेच आपले." हा आपला माणूस प्रकार मला तेव्हाच कळायला हवा होता. परक्याने काम सांगितलं तर आपण नियम विचारतो. आपल्याने सांगितलं तर विचारायची लाज वाटते, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

डिसेंबरात म्हणाला, "काका, दहाचं सहा करता येईल का? ब्रॉडकास्टवाले म्हणतात, व्ह्यूअर ड्रॉप होतो." मी दोन माणसं जास्त मागितली आणि सहा मिनिटांत उरकायला लागलो. जानेवारीत त्याने मला ऑफिसात बोलावून मोठ्या स्क्रीनवर आमचाच सामना दाखवला. चौथ्या शर्यतीत धुळीचा लोट उठला होता आणि ड्रोनवरून ऊन त्यातून आरपार येत होतं.

"बघा ना काका. काय सिनेमॅटिक दिसतंय! पाणी मारल्यावर हे मरतं हो. थोडं पाणी कमी करूया का?"

"सर, मागच्या गड्याला त्यात काही दिसत नाही."

"प्रोफेशनल आहेत ते काका. त्यांना सवय असते."

मी "बघतो" म्हणालो. हा "बघतो" शब्द मराठी माणसाने का शोधला देव जाणे. धड होही नाही, धड नाहीही नाही. मी पाणी कमी केलं नाही, पण त्याला तसं तोंडावर सांगितलंही नाही. शारजाला परतताना रस्ता तुंबला होता. तिथे मी काच खाली करून एका टॅक्सीवाल्याला इतका बोललो की त्या बिचाऱ्याने गाडी बाजूला घेतली. घरी आलो तर जेवणात मीठ कमी म्हणून बायकोवर ओरडलो. मुलगा खोलीतून म्हणाला, "बाबा, चिल." मग त्याच्यावरही ओरडलो. बायको एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करते, दिवसभर लोकांची किरकिर ऐकते. ती शांतपणे मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अहो, जिथे ओरडायचं तिथे ओरडून या. इथे फुकट कशाला?"

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळपासून शमाल सुटला होता. वायव्येचा हा वारा सुरू झाला की अंगणातली दोरीवरची चादरही दहा मिनिटांत कडक होते. बारा वाजता मी आणि पोलंडवाला ट्रॅकवर फिरलो. त्याने अंगठा वर केला, पण मग बोट आकाशाकडे करून गोल फिरवलं, म्हणजे वारा. मी टँकरकडे बोट दाखवलं, म्हणजे आहे मी. त्याने माझ्या खांद्यावर थापटलं.

चौथ्या शर्यतीनंतर पाणी मारलं. आठवी संपली तेव्हा दुसरं वळण माझ्या डोळ्यांसमोर पांढरंफेक पडलं होतं. आत टक्कल, बाहेर कुंपणाशी मातीचा ढीग. मी टँकरच्या सीटवर बसलेलो, इंजिन चालू, फाटक उघडायला माणूस उभा. तेवढ्यात वॉकीटॉकीवर मॅनेजरचा आवाज आला, मराठीत, म्हणजे बाकी कुणाला कळू नये म्हणून.

"काका, होल्ड करा. ह्या ब्रेकला पाणी नको. लाईट कसला भारी आलाय! नववी, दहावी होऊ द्या, मग मारा."

"सर, दुसरं वळण कोरडंठाक आहे."

"दोनच रेस काका. दोन मिनिटांचा खेळ. आपल्या माणसाला एवढं सांभाळून घ्या ना. प्लीज."

मग चॅनलवर पंचांचा आवाज आला. "ट्रॅक?"

आता हे मला नीट लिहायचं आहे. मला कुणी धमकी दिली नव्हती. नोकरीवरून काढतो असं कुणी म्हणालं नव्हतं. पंच थांबले होते. मी "नॉट रेडी" म्हणालो असतो तर नियम माझ्या बाजूने होता आणि मॅनेजरला एक अक्षर बोलता आलं नसतं. टॅक्सीवाल्यावर, बायकोवर, पोरावर, लिफ्टमध्ये घुसणाऱ्यांवर, चटणीशिवाय समोसा देणाऱ्यावर ओरडणारा मी. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "रेडी सर."

नवव्या शर्यतीत पोलंडवाल्याला पिवळं हेल्मेट होतं. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या पट्ट्या वर गेल्या आणि चौघं सुटले. पहिल्या वळणात तो दुसरा होता. दुसऱ्या फेरीला दुसऱ्या वळणावर पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत तो शिरला, गाडी आडवी टाकली, आणि मागचं चाक त्या टक्कल पडलेल्या जागेवर आलं. तिथे उकरायला काही नव्हतंच. चाक निसटलं, मग कुंपणाजवळच्या ढिगात एकदम पकडलं आणि गाडी सरळ झाली. मी टँकरवरून बघत होतो. धुळीत पिवळा ठिपका आत गेला आणि बाहेर आलाच नाही. फळ्या फुटल्याचा आवाज आला.

लाल दिवे लागले. शर्यत थांबली. अँब्युलन्स माझ्या टँकरला घासून आत गेली.

आणि मग ते झालं, ज्याने आजही माझं अंग जळतं. ह्या खेळात नियम आहे, ज्याच्यामुळे शर्यत थांबली तो बाद, आणि उरलेले तिघं पुन्हा धावतात. ज्याच्यामुळे म्हणजे चौघांपैकी कुणाच्या तरी. त्यात पाचवा रकाना नाही. ट्रॅकमुळे, वाऱ्यामुळे, ऑफिसमुळे, असं लिहायची सोयच नाही. पोलंडवाला अजून जमिनीवर होता, त्याचा बूट काढायला माणूस खटपट करत होता, आणि वर फलकावर पिवळा दिवा लागला. पिवळा बाद. कारण, पिवळा. सगळ्या मैदानाने बघितलं, ड्रोननेही बघितलं.

त्यानंतर मॅनेजरनेच सांगितलं, आता पाणी मारा. मी मारलं. आत्ता मारलं! पहिली फेरी वाकडीतिकडी गेली.

कंबरेचं हाड, मांडीचं हाड आणि डाव्या हाताची दोन बोटं. त्याच दिवशी अल ऐनमध्ये ऑपरेशन झालं. जीवाला धोका नव्हता, हे मला पंचांनीच फोन करून सांगितलं. भला माणूस. त्यांनी विचारलं, "युवर ट्रॅक वॉज फाइन, यस?" मी म्हणालो, "यस सर." दुसऱ्यांदा.

सोमवारी मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. टेबलावर ट्रॅकचा कागद छापून तयार होता. पाणी, चौथीनंतर, आठवीनंतर, बारावीनंतर. तिन्हींपुढे टिक केलेली. खाली माझी सही राहिली होती. मॅनेजरने माझ्यासाठी चहा मागवला, साखर किती ते विचारलं.

"काका, फॉर्मॅलिटी आहे. इन्शुरन्सवाल्यांना लागतं. आणि पाणी मारलं होतंच की तुम्ही, थोडं लेट झालं इतकंच."

"सर, ते पडल्यावर मारलं."

"हो, पण आठवीनंतरच ना? टेक्निकली?" तो हसला. "आणि त्याचंही वय झालंय काका. रिफ्लेक्सेस राहत नाहीत. सगळे तेच म्हणतायत."

मला त्याच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. कान तापले होते, मानेची शीर उडत होती. मी सही केली. मग चहाही प्यायलो.

मंगळवारी हॉस्पिटलात गेलो. सोबत संत्री नेली. पोलंडवाला पाठीवर पडून होता, पाय वर टांगलेला, डाव्या हाताला पंजाएवढं बँडेज. मला बघून त्याला बरं वाटलं. मी स्टूल ओढून बसलो, संत्रं सोलून त्याच्या उजव्या हातात एक एक फोड देत राहिलो. मग त्याने उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला आणि बोटं उघडमीट करत बघत राहिला.

"हँड लेट," तो म्हणाला. "माय हँड स्लो नाऊ. ओल्ड. फिनिश."

तिकडच्या त्याच्या क्लबला त्याने कळवून टाकलं होतं. पाय बरा झाला तरी परत गाडीवर बसणार नाही. बायकोला सांगितलं, तर ती रडली आणि मग तिला आनंदही झाला. तो हे सगळं तुकड्या तुकड्यांनी, हातवारे करत सांगत होता. पंचवीस वर्षं गाडी चालवली, म्हणाला, माती कशी असेल ते हाताला आधी कळायचं, डोक्याला नंतर. त्या दिवशी हाताला कळलंच नाही. मातीला पकड आहे असं हाताने सांगितलं, आणि हात चुकला.

हात चुकला नव्हता. गडी थांबतात त्या शेडमधून ट्रॅक दिसत नाही, त्यामुळे आठवीनंतर पाणी पडलं असणार असं त्याने गृहीत धरलं होतं, कारण मी "रेडी" म्हणालो होतो. माझ्या शब्दावर त्याने गाडी आडवी टाकली होती. मी तोंड उघडलं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "युअर ट्रॅक गुड. थँक यू." मी संत्र्याच्या साली गोळा केल्या, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि निघालो.

अल ऐनहून शारजापर्यंतचा रस्ता लांब आहे. मी सगळा रस्ता मॅनेजरला शिव्या देत गेलो. मोठ्याने, एकटा, गाडीत. मग ब्रॉडकास्टवाल्यांना. मग त्या नियमाला, पडलेल्यालाच गुन्हेगार ठरवणाऱ्या त्या पिवळ्या दिव्याला. मग वाऱ्याला. घसा बसला.

घरी बायको क्लिनिकमधून नुकतीच आलेली, पर्स अजून खांद्यावर. मी म्हणालो, "लॅपटॉप काढ. पंचांना पत्र लिहायचंय. मी सांगतो, तू इंग्रजीत कर."

तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि बसली. मी फेऱ्या मारत सांगायला लागलो. मॅनेजरने डिसेंबरात काय म्हटलं, जानेवारीत स्क्रीनवर काय दाखवलं, सिनेमॅटिक म्हणाला, लाईट भारी म्हणाला, मराठीत बोलला म्हणजे पंचांना कळू नये, कागद आधीच छापला, चहा पाजला, आणि तो गडी तिकडे पडून स्वतःचा हात बघत बसलाय. नियम कसा नालायक आहे. ड्रोनसाठी माणूस मारायला निघाले होते हे लोक. मी पंधरा मिनिटं तरी बोलत असेन. थांबलो तेव्हा लक्षात आलं, ती टाइप करत नाहीये.

"लिही की!"

"लिहिते. हे सगळं खरंय ना?"

"शंभर टक्के."

"मग यात तुम्ही कुठे आहात?"

"म्हणजे?"

"म्हणजे पंचांनी ट्रॅक विचारलं तेव्हा मॅनेजर बोलला का? की वारा बोलला?"

माझा आवाज चढला. तुला काय कळतंय, तू होतीस का तिथे, मी नोकरी घालवून बसलो तर व्हिसाचं काय, पोराच्या शाळेचं काय. ती ऐकत राहिली. तिला माझ्या ओरडण्याची इतकी सवय झाली आहे की पाऊस थांबायची वाट बघावी तशी ती नुसती बसून राहते. मी थांबलो.

"अहो, तो माणूस हात बघत बसलाय म्हणालात ना?" ती म्हणाली. "मॅनेजर नालायक आहे, हे समजून त्याला काय मिळणार? त्याला एवढंच पाहिजे की त्याचा हात बरोबर होता. ते कोण सांगू शकतं?"

मी खाली बसलो. ओरडताना माझी जीभ कधी अडखळत नाही. ही पाच वाक्यं सांगताना तीनदा अडखळली.

आठव्या शर्यतीनंतर दुसऱ्या वळणाला पाणी मारलं नव्हतं आणि वळण कोरडं होतं, हे मला दिसत होतं. तुम्ही मला विचारलंत आणि मी रेडी म्हणालो. ट्रॅक रेडी नव्हता. सोमवारी मी सही केलेला कागद खोटा आहे. गडी चुकला नाही.

तिने ते इंग्रजीत केलं, मला वाचून दाखवलं, आणि विचारलं, "मॅनेजरचं घालू?" मी म्हणालो, एक ओळ घाल. तिने एक ओळ घातली. पंचांना पाठवलं आणि त्याची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पोलंडवाल्याला.

मॅनेजरचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. ह्या वेळी काका नाही, मिस्टर. इंग्रजीत. मला त्याची गंमत वाटली. मैदानावर यायची गरज नाही, खलास. व्हिसा रद्द व्हायच्या आत दुसरं काम बघायला मला जी मुदत होती तिच्यात मी दोन क्रिकेट अकादम्या आणि एक शाळा पालथी घातली. शाळेने घेतलं. आता गवत कापतो. पंचांनी लिहिलं की निवेदन मिळालं, अहवालाला जोडलं आहे, मात्र नवव्या शर्यतीचा निकाल नियमाप्रमाणे बदलता येत नाही. म्हणजे त्या कागदावर कारण अजून पिवळाच आहे. मला ते वाचून इतका संताप आला की मी फोन सोफ्यावर आपटला. सोफ्यावर, कारण फोन नवीन होता.

पोलंडवाल्याचं काही आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज बघायचो. त्याने वाचलं आहे हे त्या दोन निळ्या खुणांवरून दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मेसेज आला. तो घरी पोचला होता. भाषांतराच्या यंत्रातून काढलेलं इंग्रजी होतं, पण अर्थ स्पष्ट होता. त्याने लिहिलं होतं की त्याला माझा भयंकर राग आला आहे. तो माझ्याशी बोलणार नाही, मी त्याला फोन करू नये. मी टँकरकडे बोट दाखवलं होतं ते त्याला रोज आठवतं. पाय बरा होतोय. आणि शेवटी लिहिलं होतं, आतापर्यंत मी माझ्या हातावर चिडलो होतो, आता तुझ्यावर चिडलो आहे. क्लबला फोन केला आहे. पुढच्या उन्हाळ्यात गाडीवर बसून बघणार.

मी ते चार वेळा वाचलं. उत्तर देऊ नको असं त्याने लिहिलं नव्हतं, फक्त फोन करू नको म्हणाला होता. तुझी चीड बरोबर आहे असं लिहावं म्हणून मी बराच वेळ बसून "चीड" एवढाच एक शब्द त्याच्या भाषेत काय होतो ते शोधलं आणि मग न वापरताच पुसलं. "ओके" लिहिलं आणि पाठवून दिलं.